दफ्तराची किल्ली आणि सर्व्हरचा परवलीचा शब्द : संगणक सर्व्हरच्या दूरस्थ व्यवस्थापनाचा इतिहास व ग्रामीण भूमी-अभिलेख
(वरसे, ता. रोहा, जि. रायगड या गावाच्या संदर्भात)

सारांश

आपल्या टेबलावरील संगणकावरून दूरच्या ठिकाणी असलेल्या सर्व्हरचे व्यवस्थापन करणे ही आज शासकीय कारभारातील नित्याची बाब झाली आहे. या पद्धतीचा इतिहास सामान्यतः तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात त्याकडे अभिलेखांच्या ताब्याचा आणि उत्तरदायित्वाचा इतिहास म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. गावाचे दफ्तर तलाठ्याकडून तालुक्याच्या सर्व्हरवर आणि तेथून मध्यवर्ती विदा केंद्रात गेले. प्रत्येक टप्प्यावर अभिलेखाचा प्रत्यक्ष ताबा गावापासून अधिक दूर गेला. महसुली परंपरेत प्रत्येक बदलामागे दोन हात आणि एक कायमची नोंद असे. ही परंपरा सातबाऱ्यावरील फेरफाराला आजही लागू आहे, परंतु सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रशासकाच्या कृतीला ती त्याच स्वरूपात लागू झालेली नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : दूरस्थ व्यवस्थापन, सर्व्हर, सातबारा, फेरफार, ई-फेरफार, निकनेट, लॉग, रायगड जिल्हा.

१. प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील रोहा शहरालगत, कुंडलिका नदीच्या खोऱ्यात वरसे हे गाव वसले आहे. जवळच धाटावची औद्योगिक वसाहत आहे, आणि मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वे जेथून सुरू होते ते रोहा स्थानकही याच परिसरात आहे. शहरालगतच्या कोणत्याही गावाप्रमाणे येथेही जमिनीला शेतीपलीकडचे मोल आले आहे. अशा गावात वारसनोंद, खरेदीखत, बँकेचा बोजा, भूसंपादन या साऱ्यांचा शेवट एका कागदावर होतो. तो कागद म्हणजे गाव नमुना सात व बारा, अर्थात सातबारा उतारा.

कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याच्या, इतिहासात या नोंदीला विशेष महत्त्व आहे. येथील शेतकऱ्यांनी खोतीविरुद्ध दीर्घ लढा दिला. अलिबाग तालुक्यातील चरी येथील शेतकऱ्यांचा १९३३ मध्ये सुरू झालेला संप हा त्या लढ्याचा सर्वपरिचित टप्पा होय. पुढे १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन यांमुळे अनेक कुळे जमिनीची मालक झाली. मात्र कुळाचे नाव दफ्तरात लागले होते की नाही, या प्रश्नावर पुष्कळांचे भवितव्य ठरले. दफ्तर कोणाच्या ताब्यात आहे व त्यात बदल कोण करू शकतो, हा प्रश्न म्हणूनच या भूभागात निव्वळ कारकुनी कधीच नव्हता.

आज वरशाचा सातबारा गावातील कपाटात राहत नाही. तो दूरच्या सर्व्हरवर असतो आणि त्या सर्व्हरची देखभाल करणारा कर्मचारी बहुधा सर्व्हरच्या खोलीतही बसलेला नसतो. तो आपल्या कार्यालयातील डेस्कटॉप संगणकावरून ते काम करतो. हे कसे शक्य झाले आणि त्यामुळे अभिलेखाच्या विश्वासार्हतेसमोर कोणते प्रश्न उभे राहिले, याचा मागोवा घेणे हे या निबंधाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

२. दूरवरून नियंत्रण : महसुली परंपरा

दूर असलेल्या कारभारावर मध्यवर्ती ठिकाणाहून लक्ष ठेवण्याची कल्पना संगणकाबरोबर जन्मास आलेली नाही. पेशवाईत पुण्याचे हुजूर दफ्तर हे काम करीत असे. परगण्यांचे हिशेब तेथे येत, फडावर तपासले जात आणि एकबेरीज दफ्तरात त्यांचे एकत्रीकरण होई. महालावरील मामलेदाराबरोबर मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस असे दरखदार नेमलेले असत. हे दरखदार मामलेदाराने नेमलेले नसत व त्यांना दूर करण्याचा अधिकारही त्यास नसे. मामलेदाराच्या कारभाराची माहिती त्यांच्यामार्फत स्वतंत्रपणे हुजुरास मिळत असे. याचा अर्थ असा की, अंतरामुळे निर्माण होणाऱ्या अविश्वासावर त्या व्यवस्थेने दोन उपाय योजले होते : एकाच व्यवहारावर एकाहून अधिक हात आणि प्रत्येक व्यवहाराची लेखी नोंद.

ब्रिटिश अमदानीत हेच तत्त्व निराळ्या रूपाने पुढे आले. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने अधिकार अभिलेखाची पद्धत सुरू झाली. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ने ती अधिक सुस्पष्ट केली. संहितेच्या कलम १५० नुसार जमिनीवरील हक्कातील बदलाची नोंद तलाठी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये घेतो, तिची प्रत चावडीवर लावतो आणि हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. नोंद प्रमाणित करण्याचा अधिकार मात्र तलाठ्यास नसून मंडळ अधिकारी किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यास आहे. नोंद प्रमाणित झाल्यावरच तिचा अंमल सातबाऱ्यावर दिला जातो. अशा रीतीने प्रमाणित झालेली नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानावी, असे कलम १५७ सांगते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सातबाऱ्यावर आजची स्थिती दिसते, परंतु ती स्थिती कशी निर्माण झाली हे ‘सहा नंबर’ सांगतो. कोणी लिहिले, कोणी प्रमाणित केले, कोणत्या दिवशी व कशाच्या आधारे, हे सर्व फेरफाराच्या क्रमांकातून शोधता येते. पन्नास वर्षांपूर्वीचा फेरफार काढून आजचा वाद सोडविला जातो, तो याच कारणाने. सर्व्हरच्या व्यवस्थापनाचा विचार करताना ही नोंदवही कसोटी म्हणून उपयोगी पडते.

३. दूरस्थ प्रवेशाचा आरंभ

संगणकांच्या जाळ्याचा इतिहास दूरस्थ प्रवेशापासूनच सुरू होतो. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावरून लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संगणकाने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाशी प्रथम संपर्क साधला. तो संदेश म्हणजे ‘लॉगिन’ करण्याचा प्रयत्न होता. पहिली दोन अक्षरे पोहोचताच पलीकडचा संगणक बंद पडला, आणि काही वेळाने दुसऱ्या प्रयत्नात काम साधले. जाळ्यावर पाठविले गेलेले पहिले काम पत्र किंवा चित्र नव्हते. दूरच्या यंत्राचा ताबा घेणे हेच ते पहिले काम होते.

त्याच वर्षी ‘टेलनेट’ या पद्धतीची आखणी सुरू झाली व १९८३ मध्ये तिला प्रमाणित रूप मिळाले. टेलनेटमुळे आपल्या कळफलकावर टंकलेली आज्ञा दूरच्या संगणकावर जाई आणि तिचे उत्तर आपल्या पडद्यावर उमटे. युनिक्स प्रणालीवरील सर्व्हर सांभाळणाऱ्यांना यामुळे यंत्राच्या खोलीत जाण्याची गरज उरली नाही. परंतु या पद्धतीत परवलीचा शब्द जाळ्यावरून उघड्या अक्षरांत प्रवास करीत असे. वाटेवरील कोणत्याही यंत्रावर बसलेल्या जाणकारास तो वाचता येत असे. उघड्या पोस्टकार्डावर तिजोरीचा क्रमांक लिहून पाठवावा, तसा हा प्रकार होता.

छोट्या व परस्परांना ओळखणाऱ्या संशोधकांच्या वर्तुळात ही उणीव फारशी जाणवली नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म या स्वतःहून पसरणाऱ्या आज्ञावलीने जाळ्यावरील हजारो संगणक ग्रासले आणि त्या वर्तुळाचा विश्वास ओसरू लागला. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरले गेल्यानंतर तेथील संशोधक टाटू यलोनेन यांनी ‘सिक्युअर शेल’ ही पद्धत तयार केली. तिच्यात दोन्ही संगणकांमधील सर्व संभाषण सांकेतिक रूपात होते. शिवाय परवलीच्या शब्दाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. एक किल्ली सर्व्हरवर उघडपणे ठेवलेली असते व तिची जोडीदार किल्ली केवळ व्यवस्थापकाकडे असते. डिसेंबर १९९९ मध्ये तिची खुली आवृत्ती ‘ओपनएसएसएच’ प्रसिद्ध झाली व पुढे जगभरातील बहुसंख्य सर्व्हर याच मार्गाने चालविले जाऊ लागले.

४. कार्यालयातील डेस्कटॉप आणि सर्व्हर

युनिक्सचे जग विद्यापीठांचे व मोठ्या संस्थांचे होते. सामान्य कार्यालयात सर्व्हर पोहोचला तो १९९० च्या दशकात, मुख्यतः नॉव्हेलच्या नेटवेअर व मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एन. टी. या प्रणालींमुळे. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एन. टी. ने आणि विशेषतः १९९६ च्या तिच्या चौथ्या आवृत्तीने व्यवस्थापनाची पद्धत पालटली. तिच्याबरोबर मिळणारी काही साधने विंडोज ९५ असलेल्या साध्या डेस्कटॉपवर बसविता येत. त्या डेस्कटॉपवरून वापरकर्त्यांची खाती उघडणे वा बंद करणे, सर्व्हरवरील सामायिक फोल्डर पाहणे आणि सर्व्हरच्या घटनांची नोंदवही वाचणे ही कामे करता येत.

या साधनांचे स्वरूप टेलनेटहून वेगळे होते. टेलनेटमध्ये व्यवस्थापक सर्व्हरवर ‘जात’ असे. येथे तो आपल्या जागीच राहून सर्व्हरला एकेका कामाची विनंती करी आणि सर्व्हर त्याची पात्रता तपासून ते काम करी. पुढे १९९८ मध्ये विंडोज एन. टी. ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आली व विंडोज २००० पासून ही सोय सर्व्हरमध्येच अंतर्भूत झाली. तीमुळे सर्व्हरचा संपूर्ण पडदाच डेस्कटॉपवर दिसू लागला. केंब्रिज येथील ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत विकसित झालेली ‘व्हीएनसी’ ही आज्ञावलीही याच सुमारास खुली झाली. १९९८ मध्येच काही प्रमुख उत्पादकांनी मिळून आयपीएमआय हे प्रमाण आणले. त्यामुळे मुख्य प्रणाली बंद पडलेली असतानाही सर्व्हरचे तापमान पाहणे किंवा तो दुरून पुन्हा सुरू करणे शक्य झाले. आता सर्व्हरच्या खोलीत माणसाने जाण्याचे कारण केवळ सुट्या भागांच्या दुरुस्तीपुरते उरले.

सोयीबरोबर एक सवयही रुजली. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ या नावाचे एकच सर्वाधिकारी खाते आणि त्याचा एकच परवलीचा शब्द अनेकांनी वापरावयाचा, ही ती सवय होय. अशा वेळी सर्व्हरच्या नोंदवहीत ‘ॲडमिनिस्ट्रेटरने बदल केला’ एवढेच उमटते. त्या नावामागे कोणती व्यक्ती होती, हे नोंदवही सांगू शकत नाही. फेरफाराच्या नोंदवहीत सहीच्या जागी नुसते ‘शासन’ असे लिहावे, तसाच हा प्रकार होय.

५. भारतातील जाळे व महाराष्ट्र

भारतात या पद्धतीचा पाया सार्वजनिक संस्थांनी घातला. १९८६-८७ च्या सुमारास मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था यांच्यात दूरध्वनीमार्गे संगणकीय संपर्क प्रस्थापित झाला. शैक्षणिक व संशोधन संस्थांच्या ‘अर्नेट’ या जाळ्याचा तो आरंभकाळ होता. शासकीय कारभारासाठी १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘निकनेट’ हे उपग्रहाधारित जाळे उभारले आणि जिल्हा मुख्यालये त्यास जोडली. सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली.

उपग्रहाच्या जोडणीचा व्यवस्थापनाच्या पद्धतीवर प्रत्यक्ष परिणाम होत असे. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्याने आज्ञा जाऊन उत्तर परत येण्यास किमान अर्धा सेकंद लागे. अक्षरांच्या आज्ञेसाठी हा विलंब सोसण्यासारखा होता, परंतु माऊसच्या प्रत्येक हालचालीसाठी तो असह्य ठरे. दूरध्वनीवरील मोडेमचा वेगही जास्तीत जास्त सेकंदाला ५६ किलोबिट इतकाच होता. तालुक्याच्या यंत्रात बिघाड झाला की जिल्ह्याहून माणूस पाठविणे हा उपाय म्हणूनच पुष्कळदा अधिक भरवशाचा होता.

ग्रामीण महाराष्ट्रातील वारणेचा प्रयोग या संदर्भात बोलका आहे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रे उभारून ती वारणानगरच्या मध्यवर्ती व्यवस्थेशी जोडण्यात आली. प्रत्यक्षात त्यांचा मुख्य उपयोग सहकारी साखर कारखान्याच्या ऊस-नोंदी व देयकांपुरता राहिला आणि गावातील संगणक चालू ठेवणे हेच अवघड काम ठरले. २००६-०७ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाने तेथील काही गावांत संगणकाऐवजी भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांचा प्रयोग केला. मध्यवर्ती यंत्र टिकले, परंतु गावातील यंत्र टिकविणे कठीण गेले, असा या प्रकल्पाचा धडा सांगता येईल.

६. सातबाऱ्याचा प्रवास

भूमी-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यासाठी वर्धा जिल्ह्याची निवड झाली होती. १९९७-९८ पासून योजनेचा भर तहसील पातळीवर आला. तलाठ्यांच्या हस्तलिखित दफ्तरांवरून सातबारा टंकून तालुक्याच्या संगणकात भरण्याचे प्रचंड काम पुढील काळात झाले आणि तहसील कार्यालयातून छापील उतारे मिळू लागले.

या टप्प्यावर अभिलेखाचा ताबा गावातून तालुक्याला गेला, तरी तो डोळ्यांसमोर होता. सर्व्हर तहसील कार्यालयातील एका खोलीत होता, खोलीला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक होते. त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट होत्या. प्रत्येक तालुक्याचा सर्व्हर स्वतंत्र असल्याने आज्ञावलीत सुधारणा करावयाची झाली तरी ती ठिकठिकाणी जाऊन करावी लागे. वीज, वातानुकूलन, प्रतींची नियमित जपणूक आणि जाणकार मनुष्यबळ यांची सर्वत्र सारखी सोय होणे शक्य नव्हते. तलाठ्याचे हस्तलिखित दफ्तरही चालूच राहिल्याने कागद व संगणक यांत तफावती पडत गेल्या.

२००८ मध्ये राष्ट्रीय भूमी-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम मंजूर झाला. २०१६ पासून तो डिजिटल इंडिया भूमी-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम म्हणून ओळखला जातो. याच प्रवाहात महाराष्ट्रात ई-फेरफार प्रणाली आली. तिची आज्ञावली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील चमूने तयार केली. तालुक्यांतील विदा मध्यवर्ती विदा केंद्रात आला आणि तलाठी व मंडळ अधिकारी आपापल्या संगणकावरून, स्वतःच्या डिजिटल स्वाक्षरीने, तेथे काम करू लागले. हस्तलिखित व संगणकीकृत सातबारा यांतील तफावती दूर करण्याची मोहीम या काळात राबविली गेली. २०१७ मध्ये संगणकीकृत सातबाऱ्याचे गावोगाव चावडीवाचनही करण्यात आले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा नागरिकांना घरबसल्या मिळू लागला.

ई-फेरफाराची रचना पाहता तिने जुन्या महसुली शहाणपणाचा त्याग केलेला नाही, हे मान्य करावे लागते. नोंद घेणारा व प्रमाणित करणारा असे दोन हात येथेही आहेत. नोटिशीची प्रत ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर दिसते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेख व डिजिटल स्वाक्षरी यांना मान्यता दिल्याने या साऱ्यास कायद्याचा आधार आहे. वरशाच्या खातेदारास आपल्या फेरफाराची स्थिती आज ज्या सहजतेने पाहता येते, तशी ती कागदी दफ्तराच्या काळात पाहता येत नव्हती. त्या काळी तलाठी सजावर भेटेल तो दिवस खरा, अशी स्थिती होती.

७. अंतराची किंमत

मध्यवर्ती व्यवस्थेचे लाभ मान्य करूनही तिची किंमत मोजावी लागते. पहिली किंमत सुरक्षिततेची. दुरून व्यवस्थापन करण्यासाठी सर्व्हरला जाळ्याच्या दिशेने एखादे दार उघडे ठेवावे लागते आणि ते दार इतरांनाही दिसते. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ या आज्ञावलीने मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधील दोषाचा फायदा घेऊन पहिल्या दहा मिनिटांतच त्याला बळी पडू शकणारे बहुतेक सर्व्हर गाठले. त्या दोषावरील दुरुस्ती सहा महिन्यांपूर्वीच उपलब्ध होती, ती केवळ सर्वत्र बसविली गेली नव्हती. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकप्रणालीवर खंडणीसाठी विदा कुलूपबंद करणाऱ्या आज्ञावलीचा हल्ला झाला व मुख्यालयासह राज्यभरातील कार्यालयांचे संगणकीय काम विस्कळीत झाले. धाटावसारख्या वसाहतींचा कारभार ज्या महामंडळाकडे आहे, त्याच्याच बाबतीत हे घडले. पूर्वी एका तालुक्याच्या सर्व्हरला इजा झाली तर एका तालुक्याचे काम थांबे. एकत्रित व्यवस्थेत एकच इजा सर्वांचे काम थांबवू शकते.

दुसरी किंमत जोडणीवरील अवलंबनाची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. रोह्यासह जिल्ह्याच्या मोठ्या भागात वीज व भ्रमणध्वनी सेवा अनेक दिवस खंडित होती. घरे, बागा व गोठे उद्ध्वस्त झालेल्या लोकांना पंचनामा व भरपाईसाठी सातबाऱ्याची सर्वाधिक गरज नेमकी त्या दिवसांत होती. दूरच्या विदा केंद्रातील सर्व्हर सुस्थितीत असला तरी गावाच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच होता. मात्र यावरून कागदच बरा होता असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कोकणातील पावसात आणि पुरात कागदी दफ्तरांची काय अवस्था होते, हे सर्वज्ञात आहे. २१ जून २०१२ च्या मंत्रालयातील आगीने राज्याच्या मुख्य कार्यालयातील कागदही सुरक्षित नसतात हे दाखवून दिले. एकाच ठिकाणी व एकाच रूपात ठेवलेला अभिलेख धोक्यातच असतो, मग तो कागदाचा असो वा संगणकाचा.

तिसरी किंमत मनुष्यबळाची आहे व ती सहसा लक्षात येत नाही. सर्व्हर तालुक्यात असताना त्याची जुजबी देखभाल जाणणारा एखादा कर्मचारी तेथे तयार होत असे. व्यवस्थापन दूर गेल्यावर तालुक्याच्या हाती केवळ वापर उरला. ‘सर्व्हर डाउन आहे’ हे वाक्य आज प्रत्येक कार्यालयात ऐकू येते. ते सांगणाऱ्यास त्याचे कारण माहीत नसते आणि ऐकणाऱ्यास कोणाकडे दाद मागावी हे कळत नाही. जुन्या व्यवस्थेत विलंबाला निदान एक चेहरा होता.

८. प्रशासकाचा ‘सहा नंबर’

या निबंधाचा मुख्य मुद्दा मात्र चौथा आहे. ई-फेरफारामध्ये तलाठी व मंडळ अधिकारी जे करतात, त्याचा माग फेरफाराच्या रूपाने कायम राहतो. तथापि सर्व्हरवर आणखी एका वर्गाचा वावर असतो. विदासंच सांभाळणारे, प्रती घेणारे, आज्ञावली अद्ययावत करणारे तंत्रज्ञ दुरून लॉगिन करतात. त्यांचा अधिकार तांत्रिकदृष्ट्या कोणत्याही महसूल अधिकाऱ्याहून व्यापक असतो. कोणत्याही विदासंचाच्या सर्वाधिकारी व्यवस्थापकास तक्त्यातील नोंद थेट बदलणे तंत्रतः शक्य असते. तसे करताना फेरफार, नोटीस वा प्रमाणन यांपैकी कशाचीही गरज त्या यंत्रास वाटत नाही. हे विधान कोणावरही आरोप म्हणून केलेले नसून सर्वच संगणकप्रणालींचा तो गुणधर्म आहे.

अशा कृतीचा माग ठेवणारे साधन म्हणजे लॉग, अर्थात सर्व्हरची घटना-नोंदवही. कोणते खाते, कोणत्या ठिकाणाहून, किती वाजता आत आले व त्याने काय केले, याची नोंद तीत होते. परंतु तिच्या तीन मर्यादा आहेत. खाते सामायिक असेल तर व्यक्ती कळत नाही. लॉग त्याच सर्व्हरवर असेल तर सर्वाधिकारी व्यक्ती तो पुसू शकते. आणि लॉग कायमचा राखला जात नाही. भारतीय संगणक आणीबाणी प्रतिसाद चमू, अर्थात ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपणे व घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे बंधनकारक झाले. सायबर हल्ल्याच्या तपासासाठी ही मुदत उपयोगी आहे. जमिनीच्या वादाचे आयुष्य मात्र दिवसांत मोजले जात नाही, ते पिढ्यांत मोजले जाते. कुळाच्या नावाचा प्रश्न नातवाच्या काळात उपस्थित होतो, वारसाचे वगळलेले नाव विक्रीच्या वेळी ध्यानात येते. त्या वेळी ‘सहा नंबर’ हाती असेल, परंतु त्यामागील यंत्रातील हालचालींचा लॉग केव्हाच नष्ट झालेला असू शकेल.

यावर तंत्रज्ञानात उत्तरे उपलब्ध आहेत. प्रत्येक तंत्रज्ञास स्वतंत्र खाते व स्वतंत्र किल्ली देता येते. सर्व दूरस्थ प्रवेश एकाच मध्यस्थ संगणकातून नेऊन तेथे संपूर्ण कामकाजाची नोंद ठेवता येते. लॉग लगोलग दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या अधिकाऱ्याच्या ताब्यात पाठविता येतो. विदासंचात थेट बदल करावयाचा झाल्यास दोन व्यक्तींची संमती आवश्यक करता येते. हे उपाय पाहिले म्हणजे दरखदारांची आठवण होते. मामलेदारास ज्यांना काढता येत नसे असे दरखदार, आणि व्यवस्थापकास जो पुसता येत नाही असा लॉग, यांमागील तत्त्व एकच आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) दूरस्थ व्यवस्थापन ही संगणकजाळ्याची नंतरची भर नसून त्याचा आरंभच आहे. १९६९ च्या पहिल्या लॉगिनपासून प्रश्न एकच राहिला : दूरच्या यंत्रावर बसलेला हात कोणाचा, हे कसे ओळखावे? टेलनेटपासून डिजिटल स्वाक्षरीपर्यंतचा प्रवास हा त्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांचा इतिहास होय.

२) भूमी-अभिलेख गावातून तालुक्याला व तेथून मध्यवर्ती केंद्रात गेल्याने त्यांची उपलब्धता व एकरूपता वाढली. त्याबरोबर एका ठिकाणच्या बिघाडाचा परिणाम व्यापक झाला आणि तालुका पातळीवरील तांत्रिक जाण क्षीण झाली.

३) महाराष्ट्राच्या महसुली परंपरेतील दोन हात व कायमची नोंद हे तत्त्व वापरकर्त्यांच्या पातळीवर ई-फेरफारात टिकून आहे. सर्व्हर-प्रशासकाच्या पातळीवर मात्र वैधानिक किमान अपेक्षा १८० दिवसांच्या लॉगची आहे. अधिकार अभिलेखाच्या विदासंचात दुरून केलेल्या प्रत्येक थेट बदलासाठी फेरफार नोंदवहीसारखीच कायमस्वरूपी, क्रमांकित व स्वतंत्र ताब्यातील नोंदवही असणे आवश्यक आहे.

४) वादळ, पूर वा जोडणी खंडित होण्याच्या प्रसंगी वापरता येईल अशी, केवळ वाचनासाठीची व ठरावीक काळाने अद्ययावत होणारी प्रत तालुका पातळीवर ठेवणे कोकणासारख्या प्रदेशात विशेष उपयुक्त ठरेल. तिच्या देखभालीसाठी स्थानिक कर्मचाऱ्यांस प्रशिक्षण दिल्यास गमावलेली तांत्रिक जाणही काही अंशी परत येईल.

वरशाच्या खातेदारास सर्व्हर मुंबईत आहे की पुण्यात, याने फरक पडत नाही. आपल्या नावात बदल झाला तर तो कोणी, केव्हा व कशाच्या आधारे केला, हे त्याच्या नातवालाही शोधता आले पाहिजे, एवढीच त्याची रास्त अपेक्षा आहे. कागदी दफ्तराने, त्याच्या सर्व दोषांसह, ती अपेक्षा पूर्ण केली होती. डेस्कटॉपवरून चालणाऱ्या सर्व्हरनेही ती पूर्ण करावी.